स्पेनमध्ये बार्सिलोना सोडून अस्तुरियासच्या डोंगरात जाण्यात अर्थ आहे का?

आहे. बार्सिलोना कुठे पळून जात नाही, आणि अस्तुरियास म्हणजे स्पेनचा उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश. तुम्ही पुढे विचारलंय की डोंगर तर आपल्याकडेही आहेत मग तिथे वेगळं काय, आणि नेमकं हेच आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून मी दर लग्नकार्यात ऐकते, म्हणून लिहायला बसले.

झालं असं की आम्ही सगळे कोवादोंगाच्या तळ्यांवर गेलो. सीझनला दिवसा स्वतःची गाडी वर नेता येत नाही, खालून कांगास दे ओनिसहून बस घ्यायची. वर पोचलो तर हे धुकं! एनोल तळं नाही, एर्सिना तळं नाही, नुसत्या गायींच्या गळ्यातल्या घंटा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, धुकंच बघायचं होतं तर माळशेज काय वाईट होता, विमानाचं तिकीट तरी वाचलं असतं." सगळे हसले, मीही हसले, पण डोक्यात गेलंच. अहो, स्पेनमधलं पहिलं नॅशनल पार्क इथेच, १९१८ सालचं, आता ते पिकोस दे एउरोपा म्हणून बरंच मोठं केलंय. एका सकाळच्या धुक्यावरून निकाल लावायचा?

दुसऱ्या दिवशी हट्टाने सगळ्यांना कारेसच्या घळीत नेलं. पोन्सेबोस ते काईन, एका बाजूने साधारण १२ किमी (काईन खरं तर शेजारच्या लेओन प्रांतात येतं, असो). कड्यात कोरलेली वाट, खाली खोल नदी, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. ती वाट टुरिस्टांसाठी केलेलीच नाही, वीजकेंद्राला पाणी नेणारा कालवा आहे ना, त्याच्या देखभालीला माणसं जावीत म्हणून केलेली. भाऊजी आधी कुरकुरले, मग गप्प झाले, मग फोटो काढत सुटले. त्यांचा व्हॉट्सॲप डीपी अजून कारेसचाच आहे, पण लग्नात सांगतात ते धुक्याचं!

ओव्हिएदो शहराजवळ सांता मारिया देल नारांको बघून भाऊजी म्हणाले, "एवढंसं चर्च?" चर्च नंतर झालं हो, मुळात रामिरो पहिला या राजाचा नवव्या शतकातला महाल तो. बार्सिलोनातल्या ज्या साग्रादा फामिलिया चर्चसाठी तुम्ही रांग लावता तिचं काम १८८२ ला सुरू झालं, म्हणजे हजार वर्षांनी. आकारावरून मोजायचं तर मॉल बघा ना. सासूबाई मात्र गावातल्या ओर्रेओंपुढे रमल्या. खांबांवरची लाकडी धान्यकोठारं ती, उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर सपाट दगड. ते त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, प्यायची तर बाटली डोक्यावर धरून ओततात, ग्लासात घोटभरच, ती लगेच संपवायची. घुटके घेत बसलात तर वेटर तोंड वाकडं करतो.

हां, पाऊस कधीही येतो, आणि उंचीची भीती असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील तर कारेस नकोच. शाकाहारी असाल तर फाबादा मागवू नका, पांढऱ्या घेवड्याची उसळ वाटते पण आत डुकराचं मांस असतं. चीज भरपूर मिळतं. फक्त ते काब्रालेस, डोंगरातल्या गुहांमध्ये मुरवलेलं निळ्या बुरशीचं, त्याचा वास भाऊजींना अजिबात सहन झाला नाही, आणि तेवढा एक मुद्दा मी त्यांना देते.