‘वाऱ्याची वधू’ हे चित्र कुणाचं आणि त्यात काय दाखवलंय?

ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्का यांचं, १९१३-१४ मधलं तैलचित्र. चित्रातली जोडी म्हणजे स्वतः कोकोश्का आणि त्यांची प्रेयसी आल्मा, संगीतकार गुस्ताव्ह मालर यांची विधवा. निळ्या-हिरव्या वादळात, वर चंद्र आणि मागे डोंगर, दोघं तरंगत पहुडलेत. ती त्याच्या खांद्यावर गाढ झोपलीय. तो मात्र टक्क जागा. त्याचे हात नीट पाहा: बोटं एकमेकांत अडकवलेली, सांधे वर आलेले. ती आपल्याला सोडून जाईल ही धास्ती मला चेहऱ्यापेक्षा त्या बोटांत जास्त जाणवते. १९१५ मध्ये तिने वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्याशी लग्न केलंच. हे चित्र नाझींनी १९३७ मध्ये हॅम्बुर्गच्या संग्रहालयातून जप्त केलं. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कलासंग्रहालयाने ते विकत घेतलं. आजही तिथेच आहे.