शेवटच्या वेचणीनंतर कपाशीत शेळ्या-मेंढ्या बसवल्या तर गुलाबी बोंडअळी खरंच कमी होते का? जनावरांना अपाय होत नाही ना?

हो, कमी होते. पण शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले हे पाहूनच कळप आत सोडा. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर सुप्तावस्थेत जाते. झाडावर राहिलेली हिरवी, अर्धवट उमललेली बोंडं आणि कवडी (नीट न फुटलेल्या, कडक) कापसातली सरकी, हे तिचं घर. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर फोडून बघा, आत अळी सापडते. शेळ्या-मेंढ्या नेमकी हीच बोंडं आणि पाला खातात, म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही हंगामाअखेर जनावरं चारायचा सल्ला देते.

अडचण विषाची आहे. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं पाल्यावर राहतात. डब्यावरच्या लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर थांबायचे दिवस) पाळा आणि वर आणखी थोडे दिवस जाऊ द्या. लाळ गळणं, थरथर, धाप दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच पशुवैद्यक बोलवा. करडं आणि कोकरं मात्र बाहेरच ठेवा: सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावरांच्या कोठीपोटात बरंचसं निष्प्रभ होतं, पिल्लांचं पोट तेवढं तयार नसतं.

नुसत्या चराईवर भागत नाही.

- डिसेंबरअखेर कपाशी संपवा, फरदड (तेच पीक पुढे राखून पुन्हा कापूस) घेऊ नका. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.
- पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) सरपणासाठी बांधावर रचून ठेवू नका, श्रेडर फिरवून तिचा भुगा करा.
- पुढच्या हंगामात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा विचार करा.