पाइप टाकणारा निघून जातो

मी २९ वर्षं पाणीपुरवठ्यात अभियंता होते. त्यातली बरीचशी वर्षं कागदावर नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांत उतरून गेली. या वेळी आलेल्या पत्रांतली तीन एकत्र घेते. एक गावातून, एक शेतातून आणि एक शहरातून आलंय, पण तिन्हींचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं आहे.

प्रश्न : आमच्या गावापासून अडीच किलोमीटरवर, शेतजमिनीत, ६० घरांच्या वसाहतीचा प्रस्ताव आलाय. रस्ते, पाण्याची लाइन, दिवे सगळं विकासक स्वखर्चाने करून देणार. गावावर कसलाच बोजा नाही, असं बैठकीत सांगितलं. तरी मनाला पटत नाही. हरकत घ्यावी का, आणि कशावर घ्यावी?

उत्तर : घ्या. पण ‘आम्हाला बाहेरची माणसं नकोत’ अशी घेऊ नका. ती हरकत टिकत नाही आणि टिकूही नये. घर ही कुणाचीही गरज आहे. तुमचं भांडण घरांशी नाही, त्या अडीच किलोमीटरशी आहे.

विकासक ‘करून देतो’ हे खरं. लाइन टाकतो, घरं विकतो, हस्तांतरणाच्या कागदावर सह्या होतात आणि तो पुढच्या कामावर निघून जातो. त्या दिवसापासून निखळलेला प्रत्येक जोड, तुंबलेलं प्रत्येक गटार आणि उखडलेला रस्ता तुमचा. नवी लाइन पहिली काही वर्षं त्रास देत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. मग दुरुस्त्या सुरू होतात. तोवर बैठकीत तो शब्द देणारे कुठे असतात, ते मी पाहिलंय.

आता वही घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर रुंदीचे भूखंड पाडले, तर ६० घरांना ३०० मीटर पाइप पुरतो. म्हणजे घरामागे ५ मीटर. तेच भूखंड चाळीस मीटर रुंदीचे केले, तर १२०० मीटर लागतो, घरामागे २०. आणि वसाहत गावापासून अडीच किलोमीटर दूर नेली, की घरामागे आणखी जवळजवळ ४२ मीटर. गावाला खेटून पाच मीटरमध्ये भागणारं काम बासष्ट मीटरवर जातं. घरपट्टी आणि पाणीपट्टी मात्र प्रत्येक घराची एकच. हा हिशेब नकाशावर फूटपट्टी ठेवून कुणालाही करता येतो. सुनावणीला तोच घेऊन जा.

दुसरी गोष्ट बैठकीत सहसा कुणी काढत नाही. पाणी शिळं होतं. शंभर मिलिमीटर व्यासाच्या अडीच किलोमीटर पाइपात सुमारे २० हजार लिटर पाणी मावतं. साठही घरं भरली आणि घरटी पाचशे लिटर वापर धरला, तर ते दिवसाच्या आत बदलतं. पण वसाहती एका दिवसात भरत नाहीत. सुरुवातीला दहाच घरांत माणसं राहायला आली, तर रोज पाच हजार लिटर खेचलं जाणार, म्हणजे टाकीतून निघालेला थेंब नळाला यायला चार दिवस. तेवढ्या वेळात क्लोरीन विरत जातं. अशा लाइनच्या टोकाचा वॉशआउट, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर सोडायची झडप, मी स्वतः उघडलेला आहे. आधी चहासारखं पाणी आलं, मग गंजाचे पापुद्रे, आणि स्वच्छ धार लागायला पाऊण तास गेला. हे पाणी आठवड्याला सोडायला माणूस लागतो. त्या माणसाचा पगार प्रस्तावात कुठे आहे, ते विचारा.

सांडपाण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावरून ‘घरोघरी सेप्टिक टँक’ एवढंच ठरलं असावं, असा माझा अंदाज. टँक वाईट नसतो, पण त्यातून निघणारं पाणी जमिनीने जिरवावं लागतं. चिकण माती ते जिरवत नाही. मुरुमाड, भेगाळ जमीन ते इतकं पटकन पिते, की गाळण होण्याआधीच ते शेजारच्या विहिरीत उतरतं. त्यासाठी खड्डा खणून, माती आधी पाण्याने भिजवून, मग पाण्याची पातळी किती वेळात उतरते ते मोजायचं असतं. ही चाचणी कुठल्या महिन्यात केली, हे जरूर पाहा. भर उन्हाळ्यातल्या निकालावर मी कधीच समाधान मानलं नाही. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि तोच खड्डा आपोआप भरतो. आयर्लंडमध्ये खेड्यापाड्यांत सुटी सुटी घरं फार, आणि त्यांचं सांडपाणी अशाच टाक्यांवर. त्यांच्या तपासणीची नीट व्यवस्था नाही म्हणून २००९ साली युरोपीय न्यायालयाने त्या देशाविरुद्ध निकाल दिला. पूर्तता झाली नाही म्हणून २०१२ मध्ये वीस लाख युरोचा दंड झाला, शिवाय पुढे दिरंगाई होईल तितक्या दिवसांचा रोजचा दंड वेगळा. टाक्यांची नोंदणी आणि तपासणी यांचा कायदा तिथे आला तो त्याच वर्षी, म्हणजे घरं उभी राहून कित्येक दशकं झाल्यावर.

हरकतीत आणखी एक मुद्दा घाला. परवानगीची सही होताच त्या शेताची किंमत कित्येक पटींनी वाढते. ही वाढ मालकाच्या घामातून आलेली नसते, सार्वजनिक निर्णयातून आलेली असते. मग तिचा काही भाग सार्वजनिक कामाला का नको? इंग्लंडमध्ये लेचवर्थ हे शहर १९०३ पासून याच विचारावर वसवलं. एबेनेझर हॉवर्ड यांची कल्पना अशी, की जमीन एका सामाईक संस्थेकडे राहावी आणि भाड्याचं उत्पन्न गावावरच खर्च व्हावं. तिथली संस्था आजही मालमत्तेचं उत्पन्न गावासाठी वापरते. इतकं मोठं पाऊल तुम्हाला शक्य नसेल, पण देखभालीसाठी वेगळी ठेव, तीही हस्तांतरणाआधी, एवढं मागणं अगदी रास्त आहे.

हरकत एका पानात लिहा. गट क्रमांक, लाइनची लांबी, घरामागची लांबी, चाचणीची तारीख, देखभालीची ठेव, बस. शंभर सह्यांचं ठराविक मजकुराचं पत्र अधिकारी एक म्हणून मोजतात. हिशेब मांडलेलं पत्र बाजूला सारणं अवघड जातं.

प्रश्न : मी शेतकरी आहे. मुलाचं लग्न ठरलंय, घर अपुरं पडतंय. स्वतःच्या शेतात दोन खोल्या बांधायला परवानगी मागितली, ती नाकारली. ‘विखुरलेला विकास’ म्हणे. बिल्डरला साठ घरं चालतात आणि मला एक नाही?

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो, आणि मी तुमच्या बाजूची आहे. जो शेत कसतो त्याचं घर शेतात असण्याला कारण आहे. गोठा, पंप, रात्रीचं पाणी हे सगळं दुरून होत नाही. म्हणून अर्जात ‘स्वतःची जमीन आहे’ यापेक्षा ‘इथे राहिल्याशिवाय कोणतं काम होत नाही’ हे लिहा. नियोजनाच्या नजरेत मालकी हे कारण नाही, काम हे कारण आहे. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने बांधण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळाच केला, पण शेतात काम करणाऱ्यांच्या घराला तिथेही वेगळी वाट ठेवलेली आहे. त्या घरात शेतीवर काम करणाराच राहील, अशी अट घालून परवानगी मिळते. तुम्ही आपणहून तशी अट मान्य करत असल्याचं लिहून द्या, अर्जाला बळ येईल.

मुलगा शेती करणार नसेल, नोकरीवर जाणार असेल, तर मात्र घर गावाला लागून असावं असंच मी सांगेन, वाईट वाटलं तरी. पण मग गावालगत जागा मिळाली पाहिजे, आणि ती परवडली पाहिजे. इंग्लंडमध्ये गावाच्या कडेला, जिथे एरवी बांधकाम होऊ देत नाहीत अशा लहान जागा, फक्त स्थानिक गरजूंच्या परवडणाऱ्या घरांसाठी अपवाद म्हणून खुल्या करतात. अशी सोय न ठेवता नुसता नकार देत राहणं हा अन्याय आहे. हे तुमच्यासारख्या दहा जणांनी मिळून मागा.

प्रश्न : आमच्या शहरात उड्डाणपुलाला पैसे आहेत आणि पन्नास वर्षांच्या जलवाहिन्या बदलायला नाहीत. रोज कुठेतरी पाणी वाहत असतं. हे असं का?

उत्तर : कारण दोन्ही पैसे एका खिशातले नसतात. नवीन बांधकाम हा भांडवली खर्च. त्याला वरून अनुदान येतं, कर्ज मिळतं, उद्घाटन होतं. देखभाल-दुरुस्ती रोजच्या उत्पन्नातून करायची, आणि ते उत्पन्न पगारातच संपतं. शिवाय पूल दिसतो. जमिनीखालचा पाइप बदलला तर लोकांना फक्त खोदलेला रस्ता दिसतो आणि शिव्या बसतात. मी त्या खाल्ल्यात.

रुंद रस्त्याने कोंडी सुटते, ही समजूतही या खर्चामागे असते. अमेरिकेत ह्यूस्टनचा कॅटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये काही ठिकाणी २६ मार्गिकांपर्यंत रुंद केला, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. उलट दक्षिण कोरियातल्या सोल शहरात चंगेचन ओढ्यावरचा जुना उन्नत मार्ग धोकादायक झाला, त्याच्या दुरुस्तीचा मोठा खर्च समोर आला, तेव्हा तो दुरुस्त करण्याऐवजी २००३ मध्ये पाडायला घेतला. २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला. शहर ठप्प झालं नाही. पुलाची दुरुस्ती हाही एक दिवस येणारा खर्च आहे, हे तिथे पूल म्हातारा झाल्यावर लक्षात आलं. आणि पहिल्या पत्रातली दूरची वसाहत आठवा. तिथून निघालेल्या गाड्या तुमच्याच पुलावर येऊन उभ्या राहतात.

तुम्ही काय करायचं? अंदाजपत्रकाच्या वेळी तीनच आकडे लेखी मागा. जलवाहिन्यांची लांबी त्यांच्या वयानुसार किती, मागच्या वर्षी त्यातली किती बदलली, आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान प्रत्येक भागात किती पाणी वाहतं. तिसरा आकडा सर्वांत बोलका. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, टाक्या भरलेल्या असतात, म्हणून जे वाहतं ते मुख्यतः गळतं.

मी लागले तेव्हा आमच्याकडे यंत्रं नव्हती. एक वयस्क फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. रात्री दोन वाजता, रस्ता निपचित झाला की, ते चेंबरमध्ये उतरून लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचे आणि दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटून थांबायचे. मग सळई माझ्या हातात द्यायचे. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. नंतर आली ती बारीक, न थांबणारी शीळ. ‘ऐकलंत मॅडम? अजून रस्त्यावर आलेलं नाही,’ ते म्हणाले. सकाळी तिथे खोदलं, तर सहा फुटांवर जोड सुटलेला होता आणि खालची माती वाहून जाऊन खोलीएवढी पोकळी झाली होती. वरून शाळेची बस जायची.

त्या भागातली लाइन बदलायचा प्रस्ताव मी तीन वर्षं ओळीने पाठवला. चौथ्या वर्षी मंजूर झाला, तेही एका नागरिकाने रात्रीच्या प्रवाहाचा आकडा भर सभेत विचारल्यामुळे.