वाचकांचे प्रश्न : जीपमधले पाणी जाते कुठे?

प्रश्न : आमच्याकडे २००५ सालची डिझेल जीप आहे. आठवड्यातून एकदा भाजी भरून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून मी गोव्यातील साखळीला जातो आणि येताना पेंडीची पोती घेऊन घाट चढतो. चार महिन्यांपासून दर फेरीला अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी होते. गॅरेजमध्ये आधी दोन्ही होज पाइप आणि मग रेडिएटर बदलला, तरी फरक नाही. अंगणात थेंबही पडत नाही, ऑइल स्वच्छ आहे. पण घाट चढून आल्यावर बाजूची बाटली काठोकाठ भरलेली असते आणि सकाळी रेडिएटर उघडावा तर तो वरून चार बोटे रिकामा. आता हेड (इंजिनचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) उतरवायला सांगत आहेत. मुले म्हणतात, गाडी विकून टाका. काय करावे?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : हेड इतक्यात उतरवू नका. पाणी कोणत्या वाटेने जाते हे ठरण्याआधीच तुमच्या गाडीचे दोन भाग बदलले गेले आहेत आणि आता सुचवलेले काम त्या दोन्हींपेक्षा महाग आहे. सर्वांत मोलाची खूण तुम्हीच लिहिली आहे : बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

इंजिन तापले की पाणी फुगते, आतला दाब वाढतो आणि बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.१ बारच्या आसपास पोहोचला की रेडिएटरच्या झाकणातील मोठी झडप उघडून जादा पाणी बाटलीत जाते. इंजिन निवताना आत पोकळी निर्माण होते, झाकणाच्या मध्यभागी असलेली छोटी झडप उघडते आणि तेच पाणी बाटलीतून परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. म्हणजे संध्याकाळी बाहेर गेलेले पाणी सकाळपर्यंत घरी परतायला हवे. तुमचे ते परतत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीला बाटलीत जागाच उरत नाही आणि जादा पाणी घाटातच रस्त्यावर सांडते. अंगण कोरडे राहण्याचे कारण बहुधा हेच आहे.

ते का परतत नाही, हे हाताने कळते. घाट चढून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू न करता आणि झाकण न उघडता, वरचा होज पाइप दाबून पाहा. तो गाल आत ओढल्यासारखा चपटा झालेला असेल, तर झाकणातील छोटी झडप चिकटली आहे किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली आहे. तो नेहमीसारखा मऊ असेल, तर पोकळी भरून काढायला पाण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरते आहे. बारीक नळीला चीर गेलेली असते, तिचे टोक बाटलीच्या तळापर्यंत पोहोचलेले नसते किंवा एखाद्या क्लिपपाशी, वॉटर पंपापाशी सूक्ष्म गळती असते. मात्र रात्रभर निवल्यानंतरही पाइप टणक असेल आणि कापड धरून झाकण सैल करताच फुस्स असा आवाज आला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. हेड गॅसकेटचा, म्हणजे हेडखालच्या सीलबंद पट्टीचा, संशय घ्यायचा तो या तिसऱ्या स्थितीत.

पत्रात तुम्ही झाकणाचा उल्लेख केलेला नाही आणि नव्या रेडिएटरवर जुनेच झाकण फिरवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते उलटे करून पाहा. मधली छोटी चकती नखाने ओढली की उचलली गेली पाहिजे आणि सोडताच जागेवर बसली पाहिजे. माझ्या जुन्या गाडीची चकती मी पहिल्यांदा अशी ओढून पाहिली तेव्हा ती हललीच नाही. तिच्या कडेला खडूसारखा पांढरा थर घट्ट बसला होता आणि भोवतालच्या रबराला केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. झाकण काही शे रुपयांत मिळते, परंतु घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा जुळवून घ्या. जास्त दाबाचे झाकण अधिक चांगले, हा समज चुकीचा आहे. वीस वर्षांच्या गाडीत तो जादा दाब सर्वांत दुबळ्या सांध्यावर येतो.

झाकण आणि नळी बदलूनही पाणी कमी होत राहिले, तर बेळगावात उद्यमबाग किंवा ऑटोनगर भागात प्रेशर टेस्टर असलेले वर्कशॉप गाठा. थंड इंजिनवर, रेडिएटर पूर्ण भरून, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि काटा पंधरा-वीस मिनिटे स्थिर राहतो का ते पाहायचे. तो उतरत असताना टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेले बारीक छिद्र शोधा. पंपाचे सील गेले की पाणी तिथून झिरपते, गरम इंजिनवर लगेच वाळते आणि मागे फक्त पांढरट किंवा हिरवट ओघळ ठेवते. काही क्लिपा तर थंडीतच गळतात, कारण रबर आकसते. डिसेंबरच्या पहाटे ओला असलेला सांधा दुपारी कोरडा ठणठणीत दिसतो. गाडीत हीटर असेल, तर त्यातूनही हेच पाणी फिरते, म्हणून पायाखालची चटई ओली आहे का हेही पाहावे.

टणक पाइप आढळल्यास मात्र हेड उतरवण्यापूर्वी रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर धरलेला निळा द्रव सिलिंडरमधील वायू लागला की रंग बदलतो. ऑइल स्वच्छ आहे एवढ्यावर विसंबू नका, कारण गॅसकेट केवळ सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधेच फाटले, तर ऑइल स्वच्छच राहते. उलट, खानापूरकडच्या पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली जमलेला पांढरा फेस पुष्कळदा निव्वळ दमटपणाचा असतो. ऑइल मोजायच्या पट्टीवरचे ऑइल दुधाळ असेल, तर गोष्ट वेगळी. हेड उतरवावेच लागले, तर त्याचा सपाटपणा तपासून, गरज असल्यास फेसिंग करूनच (घासून सपाट करूनच) नवे गॅसकेट बसवून घ्या. वाकलेल्या हेडखाली घातलेले नवे गॅसकेट टिकत नाही.

तोवर घाटासाठी एक कळकळीची सूचना. चढावर तापमानाचा काटा वर वर जाऊन अचानक खाली आला, तर सुटकेचा श्वास टाकू नका. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो पाण्याचे तापमान दाखवूच शकत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनवर ओढ्याचे गार पाणी मुळीच ओतू नका. त्याने हेडला तडा जातो.

विकण्याविषयी : चासी गंजलेली नसेल, तर पाणी कमी होते एवढ्या कारणाने ही जीप काढू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : गाडी गरम होत होती म्हणून मिस्त्रींनी थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकला. आता गरम होत नाही, पण डिझेल जास्त जाते. याचा संबंध आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे हे या वॉल्वचे काम आहे. तो नसला की इंजिन बराच वेळ थंडच चालते, इंधन नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवा वॉल्व बसवण्यापूर्वी जुन्यासह पातेल्यात पाणी तापवून पाहा; उकळत्या पाण्यातही न उघडणारा वॉल्व खरा दोषी होता. तो नीट उघडत असेल, तर गरम होण्याचे कारण अजून गाडीतच आहे, बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, आणि उन्हाळ्यात उसाची ट्रॉली ओढताना ते पुन्हा डोके वर काढील.

प्रश्न : आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग रेडिएटरच्या पाण्यात घालायचे कूलंट हवेच कशाला? आम्ही बोअरचे पाणी घालतो. गळती झाली की वडील रेडिएटरमध्ये हळद टाकत.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : गोठण्यापासून बचाव हे कूलंटच्या अनेक कामांपैकी एक आहे आणि आपल्या भागात ते सर्वांत कमी महत्त्वाचे. ते गंज रोखते, पंपाचे सील सांभाळते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९७ ते ९८ अंशांवरच उकळते. झाकणाचा दाब त्यात साधारण २० अंशांची भर घालतो, कूलंट आणखी काही. बोअरच्या जड पाण्यातील क्षार मात्र भांड्याच्या तळाला बसतात तसे रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. म्हणून कूलंट आणि बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घ्यावे; हिरवे आणि केशरी कूलंट एकमेकांत मिसळू नये.

हळदीचा उपाय खोटा नव्हे. ती भिजून फुगते आणि बारीक छिद्रात अडकते. तवंदी घाटात अडकलेल्या कित्येक ट्रकचालकांना तिने घरी आणले असेल. परंतु जे छिद्रात अडकते ते रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही अडकते. घरी पोहोचल्यावर पूर्ण पाणी सोडून आतून धुवून घ्यावे लागते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते चवीला गोड असल्याने कुत्री आणि वासरे ते पितात, आणि थोड्याशा प्रमाणातही ते जिवावर बेतते.