ग्रहणाचा दोष आणि गोळीची तारीख

तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. "मोजा ताई. एक दिवस चुकला नाही. मग माझ्याच बाळाला असं का?"

अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची कवटी तयारच झाली नसल्याचं दिसलं होतं. गर्भ ठेवता आला नाही. सोबत आलेल्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "ग्रहणात विळी घेऊन बसली. नको म्हटलं होतं मी."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा आठवडे मोजले आणि तिथे गोल केला. ज्या मज्जानलिकेतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते; नीट मिटली नाही की असं होतं. म्हणजे पाळीपासून मोजलं तर सहा आठवड्यांनी, इथे, या गोलापाशी. पहिली गोळी नवव्या आठवड्यात. ग्रहण तर त्याच्याही नंतर, चौथ्या महिन्यात.

इथे मला नेहमी जपून बोलावं लागतं, कारण खरी माहितीसुद्धा आरोपासारखी लागते. "म्हणजे उशीर मीच केला?" तिने विचारलंच. दिवस गेल्याचं कळलं सातव्या आठवड्यात, नाव नोंदवल्यावर गोळ्या मिळाल्या. त्याआधी घे, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय वेळेत घेऊनही काहींच्या बाबतीत हे घडतं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवरचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फोलिक ॲसिडने धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाला. कमी झाला, संपला नाही.

पुढच्या वेळी मात्र रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमवर भागणार नाही. तिच्यासारखीला डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात आणि तीही दिवस जाण्याच्या आधीपासून. साध्या दहा-बारा गोळ्या एकदम घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. घरी मांसाहार नाही, म्हणून बी-१२ तपासायला सांगितलं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आतून नसांची हानी चालूच राहते. हाता-पायाला मुंग्या, बधिरपणा.

सासूबाई इतका वेळ कॅलेंडरकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "हिच्या उरलेल्या गोळ्या मीच संपवतेय. अशक्तपणा वाटतो म्हणून. आणि चप्पल पायातून कधी निसटते, ते कळतच नाही हल्ली."

मी दुसरी चिठ्ठी ओढली.