ते तीन दिवस खोटे होते का?

"मॅडम, मला एवढंच सांगा, ते तीन दिवस खोटे होते का?"

अमळनेरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी खुर्चीत बसता बसता हे विचारलं. पर्समधून निळ्या फितीचं शिबिराचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी चार घड्या घातलेली पावती. (मी समुपदेशक आहे. हे त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच माणसं महागड्या आत्मविकास शिबिरांना जाऊन येतात. त्यांत दुकानदार असतात, विमा प्रतिनिधी असतात, केळीचे बागायतदार असतात. परतल्यावर काही आठवडे घर उजळून निघतं. मग कोणीतरी त्यांना अशा शिबिरांवरचा एखादा माहितीपट दाखवतं, आणि लाज, राग, कृतज्ञता सगळं एकदम उसळून येतं.

आधी ताईंचा हिशेब. जळगावात एका हॉलमध्ये ४९९ रुपयांत एक दिवसाची 'ओळख'. तिथेच नाशिकच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिराची नोंदणी झाली: ३६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. शिबिराच्या शेवटच्या रात्री 'पुढचा टप्पा': १,८०,००० आणि जीएसटी मिळून २,१२,४००. त्यातले २५,००० त्यांनी कार्ड घासून तिथेच भरले होते. उरलेले १,८७,४०० हप्त्यांनी जाणार होते आणि पहिल्या हप्त्याला अकरा दिवस बाकी होते.

पुण्याच्या धाकट्या भावाने त्यांना तीन माहितीपट पाठवले. पहिला २०१६ मधला, अमेरिकेतले प्रेरक वक्ते टोनी रॉबिन्स यांच्या फ्लोरिडातल्या सहा दिवसांच्या शिबिरावरचा. डिसेंबर २०१४, अडीच हजारांच्या आसपास माणसं, तिकीट पाच हजार डॉलरच्या घरात. तो पाहताना ताई रडल्या, कारण त्यात त्यांना आपलंच शिबिर दिसलं. दुसरा अशीच शिबिरं घेणाऱ्या जेम्स रे यांच्यावरचा. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ, नऊ हजारांहून जास्त डॉलर भरून आलेली माणसं तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या तंबूत बसवली गेली आणि तिघांचा जीव गेला. २०११ मध्ये न्यायालयाने रे यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी ठरवलं. तिसरी मालिका 'नेक्झियम'वरची. यशाचे वर्ग विकणाऱ्या त्या संस्थेच्या किथ रनीरीला ऑक्टोबर २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली. ही मालिका ताईंनी दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या रात्री झोप लागली नाही.

"त्यातली माणसंसुद्धा सुरुवातीला म्हणत होती की आम्हाला फायदा झाला," त्या म्हणाल्या. "अगदी मी म्हणते तसंच."

अशा वेळी समुपदेशकाने घाईने निकाल देऊ नये असं माझं ठाम मत आहे. "तुम्ही फसलात" म्हटलं तर माणूस शिबिराच्या बाजूने भांडू लागतो. "फायदा झाला ना, मग झालं" म्हटलं तर पुढचा हप्ता जातो. म्हणून पहिल्या भेटीत फक्त झोप, जेवण, शाळेतलं काम आणि जुने मानसिक आजार यांची विचारपूस झाली. शिबिरानंतर सलग रात्री झोप न येणं, बोलण्याचा वेग अचानक वाढणं, आपल्याला खास शक्ती मिळाली असं वाटणं, भरमसाट खर्च, जुना अत्याचार डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, यातलं काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ताईंना झोपेखेरीज तसं काही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत दोन कोरे कागद घेतले. एकावर, त्या तीन दिवसांत तुमच्यात आणि तुमच्या माणसांत काय घडलं. दुसऱ्यावर, पैसे कधी, कुणी, कसे मागितले. दोन्हीकडे तास आणि मिनिटं लिहायची, विशेषणं लिहायची नाहीत. 'अद्भुत', 'भयंकर' असे शब्द आले की मी पेन थांबवायला सांगते.

पहिल्या कागदावर सगळ्यात मोठी ओळ दुसऱ्या रात्रीची होती. पारोळा तालुक्यातल्या गावी राहणाऱ्या वडिलांशी, आबांशी, ताई सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. कपाशीच्या दोन एकरांच्या वाटणीवरून तुटलं होतं. त्या रात्री साडेअकराला हॉटेलच्या व्हरांड्यात, पाय भिंतीला टेकवून, त्यांनी नंबर लावला. पलीकडून आबा एवढंच म्हणाले, "जेवनी का?" खोलीतली सोबतीण, शहाद्याची एक बाई, शेजारी बसून होती. तिने खांद्यावर हात ठेवला, बोलली काहीच नाही.

हे लिहून झाल्यावर मी विचारलं, या ओळीत प्रशिक्षक कुठे आहे? ताई कागदाकडे बघत राहिल्या. प्रशिक्षकाने दिवसा "ज्यांच्याशी बोलणं तुटलंय त्यांना फोन करा" असं सांगितलं होतं, हे खरं. हॉल, अनोळखी पण सहृदय माणसं, घरकामापासून सुटका, हेही शिबिराने दिलं. पण सहा वर्षांचा अबोला मोडण्याचं धाडस ताईंचं होतं, आणि "जेवनी का" आबांचं. ते खोटं ठरवायचा अधिकार कुठल्याच माहितीपटाला नाही.

समूहात मन मोकळं केल्याने हलकं वाटतं, यात नवल नाही. दुसऱ्याची कहाणी ऐकून 'असं माझ्या एकटीचंच नाही' हे कळतं, आणि चारचौघांत बोललेलं पाळावंसं वाटतं. साचाही जुना आहे. १९७१ मध्ये वर्नर एरहार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एस्ट' नावाचं आत्मविकास शिबिर सुरू केलं, ते दोन शनिवार-रविवारांत मिळून साधारण ६० तासांचं होतं. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी २०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या अशा समूहांचा अभ्यास केला. तो १९७३ मध्ये पुस्तकरूपाने आला. साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांना स्पष्ट फायदा झाला होता, आणि सुमारे ८ टक्क्यांना टिकून राहिलेली मानसिक इजा. इजा जास्त कुठे झाली, तर जिथे नेता आक्रमक होता, माणसाला सगळ्यांसमोर कोंडीत पकडत होता. आणि कुणाला इजा झाली हे नेत्यांपेक्षा सोबतच्या सदस्यांनी जास्त अचूक ओळखलं. शिबिराहून आलेल्या माणसाला मी म्हणूनच विचारते, तुमच्या गटात कोणी गप्प झालं का, मध्येच निघून गेलं का? ताईंच्या गटातला एक तरुण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर परत आलाच नव्हता. त्याच्याबद्दल तिथे कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसरा कागद भरायला जास्त वेळ लागला, कारण त्यातलं बरंच ताईंनी तोवर आठवलंच नव्हतं. दिवस सकाळी सातला सुरू, रात्री साडेअकराला संपणार. झोप जेमतेम पाच तास. सत्रांत मोबाइल बाहेरच्या पिशवीत. एसी इतका की शाली पांघरून बसायचं. तिसऱ्या रात्री आई-वडिलांना लिहिलेली पत्रं मोठ्याने वाचली गेली, अर्धा हॉल रडला, आणि नऊ चाळीसला दिवे लागताच फॉर्म आले. सवलतीची किंमत 'आज रात्रीपुरती'. प्रत्येक रांगेशेजारी जुन्या तुकडीचा एक स्वयंसेवक, हातात कार्ड मशीन. ताई म्हणाल्या, घरी विचारून सांगते. उत्तर आलं, "हीच तर तुमची जुनी सवय, स्वतःसाठी निर्णय न घेण्याची."

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. विकणारा जेव्हा तुमच्या शंकेलाच तुमचा आजार म्हणतो, तेव्हा तुमच्या हातात नकाराचं एकही साधन उरत नाही. वस्तू चांगली असो की वाईट, ही विक्रीची पद्धत वाईट आहे. त्यात थकवा आणि ओल्या डोळ्यांची वेळ साधलेली. शिवाय आधीच भरलेल्या ४२,४८० रुपयांचं वजन. ॲरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं की ज्या गटात शिरायला जास्त त्रास सोसावा लागला, त्याची कंटाळवाणी चर्चाही लोकांना अधिक रोचक वाटते. पैशाचंही तसंच होतं. जितके जास्त भरले, तितकं 'फायदा झाला' म्हणणं निकडीचं होतं.

काही शिबिरांत निखाऱ्यांवरून चालवतात, तेही अनेकजण पुरावा म्हणून सांगतात. लाकडी कोळसा आणि त्यावरची राख उष्णता हळू वाहून नेतात आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून बहुतेकांना भाजत नाही. मनाची शक्ती त्यात कामाची नाही. पाऊल रेंगाळलं की भाजतंच.

मग शिबिराचा असर दोन-तीन आठवड्यांत का उतरतो? ताईंना वाटत होतं, आपण कमी पडलो. खरं तर हॉल, सोबतीण, मोकळा वेळ हे सगळं नाशिकला राहिलं आणि घर, शाळा, तपासायच्या वह्या होत्या तशाच राहिल्या. नेमक्या याच उतरणीवर 'पुढचा टप्पा' विकला जातो. टिकवायचं असेल तर छोटं आणि ठरलेलं हवं. ताईंनी दर रविवारी सकाळी आठला आबांना फोन लावायचा, दहा मिनिटं, शेतीच्या वाटणीचा विषय काढायचा नाही. सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं लिहायचं. ही मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातली रीत आहे. लिहून झाल्यावर थोडा वेळ वाईट वाटतं, त्याने घाबरू नये. आणि शहाद्याच्या मैत्रिणीशी ओळख ठेवायची, पण त्या दोघींनी एकमेकींना पुढचा वर्ग सुचवायचा नाही.

भावाला तिसऱ्या भेटीत बोलावलं. त्याची काळजी खरी होती, पण रीत चुकली. रोज नवी लिंक, खाली "बघ, तुमच्यासारखेच". ताई चिडून त्याच रात्री स्वयंसेवकाला फोन करायच्या, म्हणजे तो त्यांना तिकडेच ढकलत होता. त्याने एवढंच म्हणायचं ठरलं: "ताई, आबांशी बोललीस ते फार बरं झालं. पुढचे पैसे भरायच्या आधी मला फक्त कागद दाखव." पहिलं वाक्य मनापासून आलं नाही तर दुसरं ऐकलं जात नाही.

पैशाचं काम त्याच आठवड्यात उरकलं, कारण हप्ता जवळ आला होता. आधी बँकेत जाऊन आपोआप हप्ता कापण्याची संमती रद्द केली. पैसे ॲपवरच्या कर्जातून गेले असतील तर आणखी घाई करावी: सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून असं कर्ज दंडाशिवाय बंद करता येतं, किती दिवस ते कर्जाच्या कागदावर असतं. मग आयोजकांना ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट: पावती क्रमांक, तारीख, रक्कम, 'पुढच्या टप्प्याची कोणतीही सेवा घेतलेली नाही, नोंदणी रद्द करून १५ दिवसांत परतावा द्यावा'. एवढंच. भावना नाहीत, आरोप नाहीत. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नये. समोरून मन वळवायला फोन येतोच, "जे असेल ते लेखी पाठवा" म्हणून ठेवावा. पावतीवर 'परतावा नाही' छापलेलं असलं म्हणून तक्रारीचं दार बंद होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं.

सात आठवड्यांनी १५,००० परत आले. १०,००० 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापले. त्यासाठी आयोगात जायचं की नाही हे ताई अजून ठरवताहेत, आणि त्याची घाई नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी दोन्ही कागद परत मागितले. दुसरा भावाने स्वतःकडे ठेवून घेतलाय, त्याच्या ऑफिसातला एकजण सध्या अशाच 'ओळखी'ला निघालाय म्हणून. पहिला कागद ताईंच्या कपाटात, आबांनी शिवून दिलेल्या जुन्या दप्तरात आहे. डिसेंबरात त्या पारोळ्याकडे जाऊन आल्या. आबांनी शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती, कळण्याची भाकरी आणि भरीत. शिबिराचा विषय निघाला नाही, वाटणीचाही नाही.