उरलेलं बियाणं भिजवून पिल्लांना दिलं तर?

प्रश्न : डॉक्टर, माझ्याकडे परसात दीडशे गावरान कोंबड्या आहेत. बचत गटाच्या ट्रेनिंगला एक सर म्हणाले की बियाण्याच्या आतच चांगले बॅक्टेरिया असतात आणि त्यांच्यापासून जनावरांसाठी प्रोबायोटिक बनवता येतं. पेरून उरलेलं मक्याचं बियाणं अर्धी बॅग पडलंय, ते भिजवून पाणी पिल्लांना पाजू का? मागच्या लॉटमधली बरीच पिल्लं हगवणीनं गेली हो. – एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, आधी ती बॅग कोंबड्यांपासून लांब ठेवा, बाकीचं मग बोलू. दाणे गुलाबी-लाल दिसतायत ना? तो रंग औषध लावल्याची खूण असते. त्यात थायरमसारखं बुरशीनाशक असलं तर पिल्लांचे पाय वाकडे होतात, अंड्याचं कवच मऊ पडतं, आणि दाणे धुतले म्हणून ते पूर्ण जात नाही.

आता सरांचं. ते चुकीचं बोलले नाहीत. दाणा वरून कोरडा ठणठणीत दिसतो पण सालीखाली, अंकुराजवळ बॅक्टेरिया झोपलेले असतात, काही तर आईझाडाकडून आलेले, आणि दाणा रुजला की तेही जागे होतात. घरचाच दाखला बघा, इडलीचं पीठ संध्याकाळी वाटता, वरून यीस्ट बिस्ट काही घालत नाही, तरी सकाळी भांड्याबाहेर येतं, कारण ते आंबवणारे बॅक्टेरिया मुळात उडदाच्या डाळीबरोबरच आलेले असतात.

त्यातही पशुखाद्यवाल्यांचा डोळा बॅसिलस जातीवर, कारण ही मंडळी कठीण काळात बीजाणू करून बसतात, म्हणजे स्वतःभोवती चिलखत. 1876 मध्ये जंतुशास्त्रज्ञ फर्डिनांड कोहन यांनी दाखवलं की गवताचं पाणी उकळलं तरी बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू जिवंत राहतात. पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या बनवताना खाद्याला वाफ देतात, तिथे दह्यातले बॅक्टेरिया बहुतेक मरतात, हे मात्र टिकतात, आणि कोंबडीच्या पोटातलं आम्लही झेलतात.

पिल्लांना हे का लागावं? हॅचरीतल्या पिल्लाला आई नसते, तिच्या विष्ठेतून मिळणारे जंतू नसतात, आतडं रिकामं. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पिल्लांना दिले तर साल्मोनेला हा आतड्यात रोग करणारा जंतू मागे हटला. जागा आधीच भरलेली, मग चोराला बसायला कुठे मिळणार! आणि अँटिबायोटिकचा मार्ग आता अरुंद झालाय, वाढीसाठी खाद्यात घालायला युरोपात 1 जानेवारी 2006 पासून बंदी आहे, आपल्याकडे कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांसाठी 2019 मध्ये बंद झालं.

पण घरचं भिजवणाचं पाणी म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. त्याच दाण्यावर बॅसिलस सिरियसही असतो, शिळ्या भातानं उलट्या करणारा तोच. म्हणून लॅबमध्ये बॅक्टेरियाचा एकेक वाण वेगळा काढून आम्लात, पित्तात टिकतो का, विष करतो का, अँटिबायोटिकला दाद देतो की नाही, सगळं तपासतात, आणि बरेच उमेदवार तिथेच गळतात. पाकिटावर वाणाचं नाव, सीएफयूचा म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा आणि एक्सपायरी नसेल तर विकत घेऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

आणि हगवणीचं म्हणाल तर ती बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. विष्ठेत रक्त असेल तर कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा आजार, असू शकतो, त्यावर प्रोबायोटिक औषध नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि खाली अंथरलेलं तुसाचं लिटर हातात घेऊन दाबून बघा, गोळा झाला तर ते ओलं आहे, आजच बदला.

प्रश्न : मग हेच पाकीट शेळ्यांना दिलं तर चालेल का? – तोच वाचक

उत्तर : कोंबड्यांचं नको. शेळीच्या कोठीपोटात जंतूंचं अख्खं गाव आधीच वसलेलं असतं, तिच्यासाठी वेगळी उत्पादनं मिळतात, त्यात यीस्ट जास्त असतं. आणि भिजवलेला मका एकदम भरपूर घातलात तर आम्ल वाढून शेळी दगावू शकते, तेवढं सांभाळा.